वीतभर पिवळं

९ सप्टेंबर १९७३
काशिताते, हाचिजो बेट

चिगुसा,

पत्राची सुरुवात हवापाण्यानं करायची असते, मला माहीत आहे. तुझ्या टोकियोत ऊन आहे की पाऊस, याच्याशी मला आज काही घेणंदेणं नाही. आजीच्या पेटीतलं सूत कुठे आहे?

आज सकाळी मी पेटी उघडली. माग मोकळा झाला होता. ओबोनच्या सणाचे पाहुणे गेले, पितरं गेली, तूही गेलीस, घर झाडून झालं. म्हटलं, आता सुताला जरा वारा दाखवावा. झाकण काढलं तर आत नुसते कागद. आणि ते कागद तू घडी घालून ठेवले होतेस. कोपऱ्याला कोपरा जुळवून. चोरी करणारं माणूस इतकं नीटनेटकं असतं हे मला ठाऊक नव्हतं.

तुझ्या बाबांना विचारलं. ते जाळं दुरुस्त करत बसले होते. म्हणाले, "तिच्याकडे एक गाठोडं होतं खरं. मीच नेलं बोटीपर्यंत. फार हलकं होतं, मला वाटलं कपडे असतील." घ्या. ज्या घरातून सूत गेलं त्याच घरातल्या माणसानं ते खांद्यावर घालून बोटीवर पोचवलं!

तुला ते सूत काय आहे हे सांगायची गरज नाही, पण तू विसरलेली दिसतेस म्हणून सांगते. युद्धाच्या शेवटच्या वर्षी आम्हा सगळ्यांना बेट सोडून पलीकडे जायचा हुकूम झाला, त्याच्या आदल्या उन्हाळ्यात आजीनं पाळलेल्या शेवटच्या रेशमाच्या किड्यांचं ते सूत. नंतर तुतीची झाडं तोडून सगळ्यांनी रताळी लावली. आज आम्ही विणतो ते सूत पलीकडून बोटीनं येतं, गिरणीतलं, सरळसोट. आजीचं सूत तिनं भिजलेल्या कोषांतून बोटांनी ओढून ओढून कातलेलं. कुठे जाड, कुठे बारीक, जसा त्या दिवशी हात चालला तसं. कारियासूच्या गवतात आणि कॅमेलियाच्या राखेच्या पाण्यात बुडवून बुडवून पिवळं केलेलं. निघायच्या आदल्या दिवशी तिनं ते मडक्यात घालून गोठ्यामागे पुरलं. परत आली तेव्हा घराचं छप्पर नव्हतं. मडकं होतं.

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मी एकवीस वर्षांची होते. आजीनं मला रंगाची भट्टी दिली, माग दिला, भांडीकुंडी दिली, तिच्या मुलाचे फाटके मोजेसुद्धा दिले. त्या पेटीला मात्र हात लावू दिला नाही. यंदा नव्या वर्षाला पहिल्यांदा म्हणाली, "ओबोन झालं की माग मोकळा होईल. मग बघू." पंचवीस वर्षांनी म्हणाली, चिगुसा.

सूत परत पाठव. शेजारच्या तोकुमात्सूंचा मुलगा पुढच्या आठवड्यात बोटीनं येतोय, त्याच्या हाती दे. पोस्टानं नको.

आई

२ ऑक्टोबर

चिगुसा,

तुझं पत्र मिळालं. "मी चोरलं नाही, आजीनं दिलं," असं लिहिलंस. मी ते पत्र हातात घेऊन तडक आजीकडे गेले. ती मागच्या शेतात आशिताबाच्या भाजीची पानं खुडत होती. डोळ्यांना नीट दिसत नाही, तरी कोवळं पान तिला बरोबर सापडतं. म्हटलं, "आई, सूत तुम्ही दिलंत?"

"दिलं."

"चिगुसाला?"

"मागितलं तिनं. दिलं."

"मला न सांगता?"

"तू भट्टीपाशी होतीस. धूर होता फार."

धूर होता म्हणे! मी म्हटलं, "तुम्ही मला म्हणाला होतात, ओबोन झाल्यावर."

"बघू म्हणाले होते."

मी तिथे चिखलात उभी. तिथूनच अशी ओरडले की तोकुमात्सूंची बाई कुंपणापाशी येऊन उभी राहिली. मी म्हटलं, पंचवीस वर्षं तुमची भट्टी पेटवतेय मी. राखेच्या पाण्यानं बोटांची कातडी गेली, नखं पिवळी झाली ती न्हाऊनसुद्धा जात नाहीत. तुम्ही म्हणालात हा रंग कच्चा, मी परत बुडवलं. तुम्ही म्हणालात हा ठोक सैल, मी परत उसवलं. आणि जिनं आयुष्यात कधी धोटा धरला नाही, जी शाळा संपताच बोटीत बसून पळाली, तिनं हात पुढे केला आणि तुम्ही पेटी मोकळी केलीत?

आजीनं पानं टोपलीत टाकली. म्हणाली, "नाओए, त्या पेटीवरची धूळ तू रोज पुसायचीस. मला दिसायचं. एकदा तरी म्हणालीस का, की आई, हे मला द्या?"

"सुनेनं मागायचं असतं?"

"मग मी काय तुझ्या डोक्यात शिरून बघायचं? मला वाटायचं, हिला आपलं गिरणीचं सूत बरं वाटतं. भराभर विणून होतं." आणि टोपली माझ्या हातात देऊन घरात गेली.

तेव्हापासून मी तिच्याशी कामापुरतं बोलते. भात वाढते, बिछाना घालते. रात्री तुझे बाबा दोघींच्या मध्ये बसून रेडिओ मोठा करतात.

तर ठीक आहे. तू चोर नाहीस. हा शब्द मी परत घेते. पण त्यानं माझा राग कमी झाला असं समजू नकोस. तुला माहीत होतं मी ओबोनची वाट बघतेय. तू पाच दिवस माझ्या शेजारी झोपलीस, माझ्या हातचं जेवलीस, आणि मी भट्टीत लाकडं सारत असताना तिकडे मागून घेतलंस. धूर होता हे तुलाही कळत होतं.

तू ज्यांच्याकडे काम करतेस त्या प्राध्यापक माकिउचींच्या पुस्तकासाठी "नमुना" हवा आहे म्हणतेस. पुस्तकाला सूत कशाला लागतं? फोटो काढा आणि परत करा.

आई

१९ ऑक्टोबर

चिगुसा,

तुझं कार्ड आज आलं. छापलेलं चित्र नव्हे तर खरं सूत पानावर चिकटवणार म्हणतेस. प्रत्येक प्रतीत.

त्यांना कात्री लावू देऊ नकोस. प्राध्यापक असोत नाहीतर कुणीही असोत. सूत कापलं की ते सूत राहत नाही. त्यांना सांग आईनं नाही म्हटलंय. सांगायला जड जात असेल तर लडी उचल आणि निघून ये. बाकीचं मी निस्तरीन.

हे पत्र मी स्वतः बंदरावर नेऊन देतेय.

आई

२६ नोव्हेंबर

डबा पोचला.

पश्चिमेचा वारा होता, बोट दोन दिवस लागली नाही, म्हणून उशिरा मिळाला. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, वर पाकळ्यांचं चित्र. मला वाटलं बाबांना खाऊ पाठवलास. उघडला. आत पिवळे तुकडे. वीतभर, वीतभर. सगळे सारख्या मापाचे, दोरीनं जुड्या बांधलेल्या, भाजीच्या पेंढीसारख्या.

सोबतच्या चिठ्ठीत लिहिलंस, "पुस्तकाला लागले ते घेऊन उरलेले पाठवतेय. आजीचं नाव पुस्तकात छापलंय. पेटीत राहिलं असतं तर कसरीनं खाल्लं असतं, आता कायमचं टिकेल."

मी डबा बंद केला आणि भट्टीत टाकायला निघाले. खरंच टाकणार होते. तुझ्या बाबांनी माझं मनगट धरलं. पंचवीस वर्षांत त्यांनी माझा हात असा धरला नव्हता. म्हणाले, "आधी आईला दाखव. तिचं आहे."

आजीनं डबा मांडीवर घेतला. एक तुकडा काढला, ओठांवरून फिरवला. तिला दिसत नाही तेव्हा ती सूत ओठांनी बघते. मग दुसरा काढला. मी वाट बघत होते, की आता ही रडेल, आता तुला शिव्या घालेल, निदान आता तरी म्हणेल की नाओए, माझं चुकलं.

ती म्हणाली, "एक वाटी पाणी आण. बोटं कोरडी आहेत."

आणि गाठी मारायला लागली. एका तुकड्याचं टोक दुसऱ्याला. आपण ताणा तुटला की मारतो तीच बारीक गाठ. ओलं बोट, वेढा, ओढ, पुढचा तुकडा. जेवायची वेळ झाली तरी उठेना.

मी म्हटलं, "आई, पुरे. हे कुठे पुरं होणार आहे?"

"तुला घाई आहे का कसली?"

मला संताप आला, चिगुसा. तुझ्यावर होताच, तिच्यावर आला. तिच्याजवळ चिडायला कारण होतं, तिनं ते फुकट घालवलं. माणसानं चिडावं अशी गोष्ट झाल्यावर चिडायला पाहिजे! नाहीतर दुसऱ्याला एकट्याला सगळं चिडावं लागतं.

ती रोज बसते. मी तिच्याजवळ बसत नाही. मी भट्टीपाशी असते.

आई

१७ फेब्रुवारी १९७४

चिगुसा,

तुझे प्राध्यापक येऊन गेले. तुला त्यांनी काय सांगितलं असेल कोण जाणे, म्हणून माझ्याकडून ऐक.

येणार असं कळवलं होतं. मी घर झाडलं नाही. मुद्दाम कुसायाचा खारवलेला मासा भाजला, जितका जुना मिळाला तितका, म्हणजे त्यांना दारातूनच वास यावा. आले बिचारे बोट लागून हिरवे झालेले, गळ्याला लोकरी मफलर. त्या वासात गुडघे टेकून बसले, नमस्कार केला आणि मी वाढलेला सगळा मासा खाल्ला. डोळ्यांतून पाणी येत होतं तरी खाल्ला. माणूस वाईट नाही. त्याचाही मला राग आला. वाईट असता तर सोपं झालं असतं.

रेशमी रुमालातून पुस्तक काढलं. पहिली प्रत, तोवा आजींसाठी. खोक्यात घातलेलं, जाड हातकागद. आजीनं पानावरून हात फिरवला. प्रत्येक पानावर चौकोन आणि चौकोनात बोटाच्या पेराएवढं पिवळं. आजीचं नाव छापलं होतं. मी माझं शोधलं नाही. हे खोटं आहे. शोधलं. नव्हतं.

ते म्हणाले, "आजी, तुमचं काम आता दोनशे घरांत पोचलंय. परदेशातसुद्धा."

आजी म्हणाली, "एवढंएवढं?"

"जी?"

"प्रत्येकाला एवढंएवढंच मिळालं का? मग त्यांना कळणार कसं?"

ते नुसते हसले. मी उठले, पुस्तक त्यांच्यासमोरून उचललं आणि भट्टीच्या खोपटात गेले. मोठं पातेलं उकळत होतं. मी पान वाफेवर धरलं. खळ भाताची असावी, लगेच सुटली. मी एकेक तुकडा नखानं काढून कमरपट्ट्यात खोचायला लागले. प्राध्यापक धावत आले. "अहो बाई! बाई, हे काय करताय? ही पहिली प्रत आहे!"

"असू दे."

मागून आजी भिंतीला धरत धरत आली. मला वाटलं आता ही त्यांची बाजू घेणार. ती म्हणाली, "नाओए, पुस्तक सपाट धर. कडेला वाफ लागत नाहीये."

मग त्यांचा आवाज चढला. म्हणाले, "निदान तुमच्या मुलीचा तरी विचार करा! हे सगळं तिनं कापलंय. एकटीनं, स्वतःच्या हातानं. मी दुसरं माणूस देत होतो. ती म्हणाली, माझ्या घरचं आहे, मीच कापीन. इतका सफाईदार हात मी पाहिला नाही."

माझा हात वाफेतच राहिला. भाजला तेव्हा कळलं नाही. नंतर फोड आले, तुझ्या बाबांनी तेल लावलं.

इतके महिने मी मनात त्या माणसाच्या हातात कात्री देत होते. रोज भट्टी पेटवताना त्याला शिव्या देत होते. तुझ्या हातात कात्री दिसलीच नाही मला. हात सफाईदार आहे म्हणे. असणारच. तो माझा हात आहे. तुझ्या आजीनं रागावून रागावून माझा केला आणि तुझ्यात आयता उतरला. माग सोडून पळालीस आणि त्या हातानं हे केलंस.

सगळी पानं मोकळी केली. तुकडे गाठीसाठीही पुरत नाहीत इतके लहान, कशाच्याही उपयोगाचे नाहीत. तरी काढले. पुस्तक त्यांना परत दिलं. ओलं होतं म्हणून कोरड्या फडक्यात गुंडाळून दिलं. त्यांनी खाली वाकून घेतलं आणि दाराशी म्हणाले, "मला क्षमा करा. मला वाटलं होतं, घरातल्या सगळ्यांना विचारलंय."

माझं ऑक्टोबरचं पत्र, कात्री लावू देऊ नकोस म्हणून लिहिलेलं, तुला मिळालं तेव्हा किती लडी शाबूत होत्या? एवढंच कळव. बाकी काही लिहू नकोस.

आई

६ एप्रिल

चिगुसा,

तू लिहिलंस, निम्म्या.

निम्म्या शाबूत होत्या. पत्र टेबलावर ठेवलंस आणि उरलेल्या कापल्यास, कारण अर्धं काम सोडून देणं तुला जमेना, कारण प्राध्यापकांना काय सांगणार, कारण अर्ध्या तर गेल्याच होत्या. आणि हेही लिहिलंस, की पहिल्या दिवशी हात थरथरला, दुसऱ्या दिवसापासून नाही, आणि आता ते आठवलं की तुला झोप येत नाही. येऊ नये. मला बरं वाटलं ते वाचून. आई असून असं लिहिते आहे, पण खरं तेच लिहिते.

प्राध्यापकांचं काम सोडलंस असंही लिहिलंस. मी सांगितलं नव्हतं. तू सोडलंस म्हणून लडी जुळत नाहीत.

इथलं सांगते. आजीच्या गाठी फेब्रुवारीच्या शेवटी संपल्या. संपल्या म्हणजे तिची बोटं संपली, थंडीनं वळेनात. डब्यात बरेच तुकडे उरले होते. ती म्हणाली, "राहू दे आता." मी तिच्यासमोर बसले. तोंड उघडायला मला किती जड गेलं ते तुला कळणार नाही. तू पटकन मागू शकतेस. मी म्हटलं, "आई, हे मला द्या. गाठलेलं, न गाठलेलं, सगळं."

"कशाला?"

"विणायला."

"कुणासाठी?"

मी म्हणणार होते, तुमच्यासाठी. असंच म्हणायचं असतं. पण मी म्हटलं, "माझ्यासाठी. मी घालणार."

म्हातारी हसली. दात नाहीत, सगळं तोंड उघडून हसली. डबा ढकलला माझ्याकडे. म्हणाली, "मला वाटलं, तू मेल्यावर मागशील."

उरलेले तुकडे मी गाठले. ताण्याला हे सूत चालत नाही, गाठी फणीत अडकतात. म्हणून ताणा यंदाच्या सुताचा घातला, मीच रंगवलेला, आणि आजीचं बाण्याला. पहिल्याच वितीला आमचं भांडण झालं. ती म्हणते गाठी खालच्या बाजूला दाब, वरून दिसायला नकोत. मी म्हटलं, दिसू देत. वर राहू देत सगळ्या. बोट फिरवलं की खरखर लागली पाहिजे. ती म्हणाली, असं कापड बेटावर कुणी विणलेलं नाही, लोक हसतील. मी म्हटलं, हसू देत, मी सांगीन माझ्या मुलीनं काय केलं ते. दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मागाशेजारी येऊन बसली आणि प्रत्येक गाठीवर हात ठेवून म्हणायला लागली, "ही माझी. ही तुझी. तुझी ओढ जास्त आहे, बघ." तिला कळतं. माझ्या गाठी घट्ट आहेत. रागानं मारल्यात.

कापड चांगलं होतंय. हे तुला लिहायचं नव्हतं, पण होतंय. जिथे गाठी दाट तिथे पिवळा जास्त गडद दिसतो. दुपारचं ऊन आलं की मी हात थांबवून बघते आणि मग मला पुन्हा तू आठवतेस आणि मी ठोक जोरात मारते. तुझे बाबा म्हणतात, मागाचा आवाज बंदरापर्यंत जातो.

हे कापड तुला मिळणार नाही, आत्ताच सांगून ठेवते. आजीनंतरही नाही, माझ्यानंतरही नाही. ते माझ्या अंगावर झिजेल.

तू विचारलंस, घरी आले तर चालेल का. आजी म्हणते येऊ दे. बाबा म्हणतात येऊ दे. ते दोघं लगेच विरघळतात, त्यांचं सोड. मला विचारलंस म्हणून माझं सांगते. मी तुला माफ केलेलं नाही. आल्यावर करीन असंही नाही. पण गेल्या आठवड्यात तुला चार वेळा पत्र लिहायला बसले आणि चारही फाडली, कारण कागदावर माझा आवाज चढत नाही. कितीही लिहिलं तरी तू ते शांतपणे, चहा पीत वाचू शकतेस. ते मला सहन होत नाही. मला तुझं तोंड समोर पाहिजे. मी बोलेन तेव्हा तू खाली मान घालशील, की उलटून बोलशील, की रडशील, ते मला बघायचंय. उलटून बोललीस तरी चालेल. उठून गेलेली चालणार नाही.

तेव्हा ये. रात्रीच्या बोटीनं निघ म्हणजे सकाळी पोचशील. वारा असला तर दुसऱ्या बंदराला लावतात, तिथून चालत ये. लोकरीचं काहीतरी अंगात घाल, डेकवर अजून गारठा आहे. प्राध्यापकांकडून काही आणू नकोस. खाऊ आणू नकोस. आजीसाठी मऊ काहीतरी आण, तिला चाववत नाही.

मी बंदरावर येणार नाही. घर कुठे आहे ते तुला माहीत आहे.

आई